निवडणुकीचे मोजे

निवडणूक जाहीर झाली की मार्ता बोइचुक सहा जोड मोजे विकत आणायची. करड्या लोकरीचे, टाचेला लाल पट्टी. पाच आठवड्यांच्या प्रचारात त्यातले चार तरी फाटायचे. आमच्याकडे कुणाच्या घरात जायचं तर बूट दारात काढावे लागतात. बूट काढले की स्वयंपाकघरात टेबलाशी बसावं लागतं, बसलं की कॉफी घ्यावी लागते, आणि कॉफी घेतली की मत मागितल्यासारखंच असतं. मार्ताचा नवरा ओरेस्ट दिवसाला वीस घरं करायचा. संध्याकाळी मार्ता त्याचे पाय मांडीवर घेऊन भोकं मोजायची आणि म्हणायची, "येतोस निवडून." वर्तमानपत्रांचे अंदाज चुकले, तिचे कधी चुकले नाहीत.

पहिल्या खेपेला ओरेस्ट दोनशे बारा मतांनी पडला. तेव्हा तिने दोनच जोड आणले होते. त्यानंतर मात्र तो चार वेळा लागोपाठ निवडून आला. एकदा तर सहा हजारांनी आला आणि आठवडाभर स्वतःच घाबरून होता. सतरा वर्षं तो ओटावाच्या संसदेत मागच्या बाकावर बसला. गव्हावरच्या तांबेऱ्याबद्दल त्याने एकदा अठरा मिनिटं भाषण केलं. सभागृहात तेव्हा एकवीस जण होते आणि त्यांतले दोघे जागे होते, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. एरवी मतदानाच्या वेळी पक्षाने ऊठ म्हटलं की तो उभा राहायचा, बस म्हटलं की बसायचा. खासदाराचं काम अवघड नाही. गुडघे मात्र शाबूत लागतात.

सहाही वेळा मी त्याचा निवडणूक-प्रतिनिधी होतो. झोरा गावच्या शाळेचा मी मास्तर. गावात बाकी सगळे युक्रेनी आणि थोडे स्वीडिश, मी एकटा ऑन्टारिओकडचा. लग्न केलेलं नाही, गाडी बरी चालवतो, संध्याकाळी घरी कुणी वाट बघत नाही. प्रतिनिधीला यापेक्षा जास्त पात्रता लागत नाही.

ओरेस्टची बाराशे एकरांची शेती मार्ता करायची. तो शुक्रवारी यायचा, रविवारी जायचा. पेरणी तिची, फवारणी तिची, ट्रक तिचा, हार्वेस्टर तिचा. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. हिवाळ्यात तिचा अंगठा चिरायचा, त्यावर ती गाईच्या सडाला लावायचं मलम लावायची. मुलगी कॅलगरीत. घरात बोलायला रेडिओ. कधी रेडिओवर ओरेस्टचं नाव आलंच तर ती आवाज मोठा करायची आणि कोंबड्यांना म्हणायची, "ऐका."

सहाव्या निवडणुकीच्या दोन वर्षं आधी आमच्या आगगाडीच्या फाट्याचं प्रकरण झालं. झोऱ्याला येणारा तो बावीस मैलांचा रूळ कंपनीला नकोसा झाला होता. तसले फाटे बंद करायला मोकळीक देणारा कायदा संसदेत आला. पक्षाने सांगितलं, उभे राहा. ओरेस्ट उभा राहिला. त्याला वाटलं, बाजूने मत देणाऱ्यांच्या यादीत शंभरावर नावं आहेत, कोण बघतंय.

आमच्याकडे हिवाळा सहा महिन्यांचा असतो. सगळे सगळं वाचतात.

रूळ गेला. रुळाकाठी उभं असलेलं धान्याचं कोठार, आठ मजली, लांबून चर्चच्या आधी दिसणारं, ते एका मंगळवारी दोन यंत्रांनी पाऊण तासात आडवं केलं. कबुतरं दुपारपर्यंत त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहिली. मग गहू सत्तेचाळीस मैलांवर न्यावा लागायला लागला. मग तिकडे गहू नेणारे किराणाही तिकडूनच आणायला लागले, म्हणून दुकान बंद झालं. दुकानदाराची चार पोरं गेली, तेव्हा शाळेत उरली सात. शाळा बंद झाली. मी फळा पुसला आणि किल्ली पोस्टात नेऊन दिली.

ओरेस्टला कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

सहावी निवडणूक ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी लागली, म्हणजे प्रचार ऐन सुगीत. मार्ताने सहा जोड आणले.

पहिल्याच दिवशी आम्ही वासिल प्रोकोपचुककडे गेलो. वासिल ओरेस्टचा वर्गमित्र. लग्नात ओरेस्टच्या शेजारी अंगठी धरून उभा होता तो. कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखलेला, तो दारातच आला.

"काय वासिल, कसा उतरतोय गहू?"

"उतरतोय. वरचं बरं आहे. पाणथळाकडे ओल आहे अजून."

ओरेस्टने वाकून बुटाच्या नाडीला हात घातला.

"असू देत, असू देत बूट," वासिल घाईने म्हणाला. "फरशीच घाण आहे आमची. बाई नाही घरात."

त्याच्यामागे फरशी इतकी लखलखत होती की तिच्यात खिडकी दिसत होती. आतून कांदा परतल्याचा वास येत होता आणि बाई घरात नसूनही गुणगुणत होती.

ओरेस्ट सरळ उभा राहिला. "मग? आहेस ना सोबत?"

"बघू या की," वासिल म्हणाला. "तुझी पाटी ठोक ना अंगणात. ठोक, ठोक. डॅरिलच्या पाटीशेजारी जागा आहे तिथं."

डॅरिल हॉब्स म्हणजे विरोधी उमेदवार, ट्रॅक्टर विकणारा. त्याची पाटी दोन दिवसांपूर्वीच लागली होती. मी पाटी धरली आणि ओरेस्टने हातोडा मारला. जमीन कोरडी होती, खुंटी आत जाईना. वासिल आमच्याकडे बघत उभा राहिला. शेवटी न राहवून त्याने हातोडा घेतला आणि दोन घावांत पाटी रोवून दिली.

"तुझी सवय गेली," तो म्हणाला.

त्या दिवशी एकोणीस घरं झाली. प्रत्येक दारात बुटांना माफी होती. कुणाची फरशी ओली, कुणाचं पोर झोपलेलं, एका म्हाताऱ्या आजीने तर "आमच्या कुत्र्याला मोजे आवडत नाहीत" असं सांगितलं. पाटीला मात्र कुणीही नाही म्हटलं नाही. तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे शिवी देण्यापेक्षा वाईट समजतात.

"एकोणीस पाट्या, मास्तर!" परतताना ओरेस्ट म्हणाला. "एका दिवसात इतक्या कधी लागल्या होत्या?"

"कधीच नाही."

"लोकांना विसर पडलाय त्या फाट्याचा."

मी गाडी चालवत राहिलो. दोन्ही बाजूंना कापलेला गहू ओळींनी पडला होता आणि वरून बदकं दक्षिणेला चालली होती, तीही ओळीनेच.

घरी मार्ताने त्याचे पाय मांडीवर घेतले. टाच बघितली, अंगठा बघितला, मोजा काढून दिव्यासमोर धरला.

"कोरे," ती म्हणाली.

"बूट काढायला वेळच नव्हता," ओरेस्ट म्हणाला. "दारातूनच कामं झाली सगळी." मग तो माझ्याकडे वळला. "पडलो तर मी काय करायचं, मास्तर? तिकडं मला दरवान नावाने सलाम करतो. इथं मला माझ्या हार्वेस्टरचा गिअर आठवत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कोण म्हणून या गावात फिरू?"

"जेवून घे," मार्ता म्हणाली. ताट ठेवताना तिचा खांदा दुखला, तसं तिने ते डाव्या हाताने पुढे सरकवलं. ओरेस्टचं लक्ष पाट्यांच्या यादीकडे होतं.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी बर्फ पडणार असं रेडिओने सांगितलं. मार्ताचा चारशे एकर गहू अजून शेतात पडलेला होता. एकटीच्या यंत्राने तो निघायला सहा दिवस लागले असते. होते तीन.

गुरुवारी सकाळी मी पत्रकं न्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. ओरेस्ट मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला सभेला गेला होता. अकराच्या सुमारास दव सुकलं आणि खडीच्या रस्त्यावर घरघर ऐकू आली. मार्ता हात पुसत पायरीवर आली. धुळीतून पिवळे दिवे लुकलुकत येत होते. एक हार्वेस्टर, मागे दुसरा, मागे तिसरा. अकरा होते. मागे गहू वाहायचे ट्रक, आणि ट्रकांमागे बायकांच्या मोटारी. सगळ्यांत पुढे वासिल.

मार्ताने यंत्रं मोजली.

"मास्तर," ती म्हणाली, "आमच्या घरात कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

उत्तर तिलाही माहीत होतं. असा तांडा आमच्याकडे दोनच प्रसंगी निघतो. ऐन सुगीत घरधनी गेला तर, किंवा जायच्या बेतात असला तर. लुंडग्रेनची बाई विधवा झाली तेव्हा निघाला होता. म्हाताऱ्या हनातला हृदयाचा झटका आला तेव्हा निघाला होता. कुणी बोलावत नाही, कुणी आभार मानत नाही. सकाळी येतात, एका दिवसात शेत मोकळं करतात आणि जातात.

बायकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भाताने भरलेले कोबीचे रोल आले, बीटचं सूप आलं, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. अंड्याचे सँडविच आले. मार्ताने एक उचलून उलटंपालटं केलं. पावाच्या कडा कापलेल्या होत्या. कडा आमच्याकडे फक्त मयतीच्या जेवणाला कापतात.

"बस तू," वासिलची बायको तिला म्हणाली. "आज तू काही करायचं नाहीस."

"मला काय झालंय?"

"काही नाही गं. बस."

पण मार्ता बसली नाही. तिने डोक्याला रुमाल बांधला आणि आपलं यंत्र बाहेर काढलं. बारा यंत्रं तिरक्या रांगेत शेतात चालली. भुसा उडत होता, ऊन त्यातून पिवळं दिसत होतं. मी ट्रक चालवला. माझ्या मानेत कुसं गेली, डोळे सुजले. दुपारी माणसं ट्रकच्या सावलीला उभ्यानेच जेवली. हवेवर बोलली, पट्ट्यांवर बोलली, कुणाच्या बेअरिंगवर बोलली. निवडणूक हा शब्द कुणी उच्चारला नाही.

तीन वाजता ओरेस्ट आला. अंगात प्रचाराचं जाकीट, छातीवर स्वतःचंच नाव. कुंपणाशी मोटार थांबवून तो खाली उतरला आणि ते बघून त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, खरंच भरून आले.

"मास्तर! बारा यंत्रं! आणि तू म्हणत होतास लोक रागावलेत!"

असं मी म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं.

तो कापलेल्या धसकटांतून धावत गेला. वासिलने यंत्र थांबवलं, पण तो खाली उतरला नाही. तेव्हा ओरेस्टच शिडी चढून वर गेला आणि त्याने वासिलचा हात दोन्ही हातांत धरला.

"वासिल, हे मी कधी विसरणार नाही!"

"नको रे," वासिल समोर बघत म्हणाला. "विसर."

साप्ताहिकाचा फोटोवाला ओरेस्टने स्वतः फोन करून बोलावला. रांगेने उभी यंत्रं, पुढे ओरेस्ट, हात फैलावलेले. त्याचं पत्रक निघालं: 'शेजारी माझ्या पाठीशी.' फोटोत नीट बघितलं तर शेजाऱ्यांच्या पाठी दिसतात. फोटोवाल्याने क्लिक केलं तेव्हा सगळे नेमके वळले होते.

सूर्य टेकला तेव्हा चारशे एकर मोकळे झाले. यंत्रं एकेक करून रस्त्याला लागली. वासिल शेवटी गेला. जाण्याआधी तो मार्तासमोर आला आणि त्याने टोपी काढली. वासिल टोपी चर्चमध्ये काढतो आणि दफनाच्या वेळी.

"सांभाळून राहा," तो म्हणाला.

"हो," मार्ता म्हणाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मतदान गावच्या सभागृहात झालं. ओरेस्टने सकाळी आठालाच येऊन मत दिलं आणि मोटारीत बसून इतर गावांकडे गेला. मी त्याचा प्रतिनिधी म्हणून दिवसभर लाकडी खुर्चीवर होतो. मी मत दिलं. माझी शाळा त्या सभागृहाच्या खिडकीतून दिसते, दाराला फळ्या ठोकलेल्या. मी तिकडे बघितलं, आडोशामागे गेलो आणि ओरेस्टच्या नावापुढे फुली मारली. तो चांगला खासदार नव्हता. पण बावीस हिवाळे दर शनिवारी त्याच्या, आणि तो नसला की मार्ताच्या, स्वयंपाकघरात मी कॉफी प्यालो होतो. आडोशामागे माणसाला काय काय आठवतं याला कायद्याने बंदी नाही.

मार्ता दुपारी आली. रबरी बूट, रुमालाला भुसा. आडोशामागे ती जरा जास्तच वेळ होती. बाहेर येऊन तिने घडी पेटीत टाकली आणि माझ्याकडे न बघता गेली.

मतं मोजायची म्हणजे चौऱ्याहत्तर कागद. पोस्टातली इर्मा मतदान अधिकारी होती. ती एकेक उघडायची, वाचायची, मला दाखवायची. "हॉब्स. हॉब्स. हॉब्स." तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, जणू तिचीच चूक होती. बाराव्या कागदाला "बोइचुक" आलं, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली. मग पुन्हा हॉब्स. चाळिसाव्याला आणखी एक बोइचुक. मग आला तो कागद.

त्यावर फुली नव्हती. नावांच्या खाली, मोकळ्या जागेत, पेन्सिलने लिहिलेलं होतं: 'पुरे. घरी ये.'

इर्माने तो माझ्यासमोर धरला. ते अक्षर गावात सगळ्यांना माहीत आहे. लोणच्याच्या बरण्यांवर असतं, भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर असतं.

"मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं असलं तर मत बाद," इर्मा हळूच म्हणाली. "नियम आहे. तुम्हाला ओळख पटते का, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो. "पण लिहिलेलं आहे खरं. बाद करा."

हॉब्स एकाहत्तर. बोइचुक दोन. बाद एक. दोनांतलं एक ओरेस्टचं आणि एक माझं.

मी पोचलो तेव्हा रेडिओने बाकीचं सांगून टाकलं होतं. चार हजारांनी गेला होता. ओरेस्ट टेबलाशी बसला होता, पाय जमिनीवर सरळ ठेवून, फोटो काढायला बसतात तसा. मार्ता आमच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती.

"बाकी जाऊ दे," तो म्हणाला. "आपल्या गावात किती?"

"दोन."

"दोनशे?" तो म्हणाला. गावात दोनशे माणसं नाहीत हे लगेच त्याच्या लक्षात आलं. "दोन."

"आणि एक बाद."

"कुणाची तरी पेन्सिल घसरली असेल." तो टेबलावर ठेवलेल्या आपल्या दोन बोटांकडे बघत राहिला. "एक माझं," तो म्हणाला आणि एक बोट मिटलं. "एक मार्ताचं." दुसरं मिटलं. तेही सहज मिटलं. मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"शाळा गेली तेव्हा तू काहीच बोलला नाहीस, मास्तर."

"नाही."

"तेव्हाच बोलायचं होतंस. तोंडावर. मी ऐकून घेतलं असतं."

नळ बंद झाला. मार्ता वळली. तिच्या हातावरून पाणी गळत होतं. तिने तोंड उघडलं.

"कॉफी नको मला," मी घाईने म्हणालो. "उशीर झाला. निघतो."

तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. उत्तर बरोबर असेल तर शाईचा डाग आपल्यावर पडला म्हणून ते खोडायचं नसतं, एवढं मला कळतं. सतरा वर्षांत त्या बाईने काहीतरी मागितलेलं मी त्या कागदावर पहिल्यांदाच वाचलं होतं.

नोव्हेंबरात ती पोस्टात भेटली.

"मी सांगते त्याला, मास्तर."

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही. मी शपथेवर सही केलीय. आत बघितलेलं बाहेर बोलायचं नाही."

ती पाकिटं उलटसुलट करत राहिली. "तो सकाळी उठून कॉफी करतो आता," ती म्हणाली. "कडू करतो. मग विचारतो, कशी झालीय."

"कशी म्हणतेस?"

"छान." तिने रुमालाची गाठ आवळली. "परवा माझ्याआधी जाऊन त्याने कोंबड्यांना दाणे टाकले. माझ्या खांद्याला शेकही दिला. पण बोलत नाही फारसं. तुमच्यावर मात्र बोलतो."

"बोलू दे," मी म्हणालो.

शनिवारी मी जायचं थांबवलं होतं. पण सात जानेवारीला त्यांचा नाताळ असतो. आदल्या रात्रीचं जेवण, बारा पदार्थ, चादरीखाली वाळलेलं गवत. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, वाट चुकून येईल त्या कुणासाठीही. गेली बावीस वर्षं वाट चुकून मीच येत होतो. त्याला आमंत्रण लागत नाही. पहिला तारा दिसला तशी मी गाडी काढली. उणे एकतीस होतं. नाकातले केस गोठले होते.

दार ओरेस्टने उघडलं. अंगात मार्ताने विणलेला जुना स्वेटर. ओरेस्ट जरा जाड झाला होता, आणि बरा दिसत होता.

"मास्तर."

"सणाच्या शुभेच्छा, ओरेस्ट." मी बुटाच्या नाडीला हात घातला.

"असू देत बूट," तो म्हणाला. "फरशी जरा..."

वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. सतरा वर्षं राजकारणात काढूनही तो खोटं बोलायला शिकला नव्हता. त्याच्या मागे फरशी चमकत होती. टेबलावर मेणबत्ती होती, मार्ता उभी होती, आणि तिसरं ताट मांडलेलं होतं, रिकामं.

"नाही, मी उभ्या उभ्याच आलो होतो," मी म्हणालो. "थंडी फार आहे. गाडी गोठेल."

"हो," तो म्हणाला. "गोठेल."

मी गाडीपाशी पोचलो तेव्हा मागे बर्फ करकरलं. मार्ता कोटाशिवायच आली होती. तिने माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं.

"ह्या वेळचे," ती म्हणाली. "सहाच्या सहा. धुतलेत."

"त्याला नकोत?"

"तो आता कुठं जातोय?" ती म्हणाली. तिचा श्वास पांढरा होऊन आमच्यामध्ये थांबला. मग ती उजवा खांदा हाताने दाबत आत गेली आणि दार लागलं.

मी ते मोजे घरात घालतो. गरम आहेत. अजून एकालाही भोक पडलेलं नाही.